त्या दिवशी आभाळ नव्हतं

मी सूड घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट पाहत बसणार नाही. ज्याला पश्चात्तापच वाचायचा असेल त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी काढून वाचावं.

आर्णीला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दुकान म्हणजे स्टँडजवळचा एक गाळा, त्यात एक कॉम्प्युटर, एक मशीन आणि उन्हाळ्यात गरमच हवा फेकणारा एक कूलर. पेरणीचे दिवस जवळ आले की शेतकरी आत डोकावून पाऊस विचारतात आणि मी बघून सांगते. असंच बघता बघता एकदा मला एक पान सापडलं. त्यावर मागचा कुठलाही दिवस काढता येतो. गाव टाकायचं, तारीख टाकायची. सूर्य कधी उगवला, कधी मावळला, दिवस किती लांब होता, कोणत्या तासाला किती तापलं, आभाळ होतं की नव्हतं, सगळं समोर येतं. इतर लोक त्यावर काय शोधतात देव जाणे. मी माझ्या लहान बहिणीच्या लग्नाची तारीख टाकली.

मे महिन्यातला दिवस. सूर्य सहाच्या आधीच वर आलेला आणि संध्याकाळी पावणेसातनंतर गेलेला. तेरा तासांचा उजेड. भर दुपारी पारा चव्वेचाळीसच्या वर. आणि आभाळाच्या रकान्यात दर तासाला एकच शब्द, निरभ्र. मी ते पान छापलं, लॅमिनेट केलं आणि गल्ल्याखाली ठेवलं. गिऱ्हाईक नसलं की काढून वाचायचे. नवरा म्हणायचा, लोक पेपर वाचतात, तू हे काय शिळं ऊन वाचत बसतेस.

शिळं नव्हतं ते. का नव्हतं ते सांगते.

माझे बाबा लोहाऱ्याला कारखान्यांच्या वसाहतीत कामाला होते. घरही तिथंच, वसाहतीमागच्या वस्तीत. पण वस्तीत त्यांची ओळख लग्न लावणारे म्हणून. आमच्या बौद्ध समाजात लग्नात भटजी नसतो. वंदना, त्रिशरण, पंचशील, मग वधूवरांचे हार. हे सगळं बाबा म्हणून घ्यायचे. आवाज असा खणखणीत, की माईक बंद पडला तरी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा. दारूला त्यांनी जन्मात तोंड लावलं नाही. पाचवं शील दुसऱ्याला द्यायचं तर आधी आपण पाळायचं, असं त्यांचं साधं म्हणणं. वस्तीतल्या बायका नवऱ्यांच्या पिण्याची तक्रार घेऊन बाबांकडे यायच्या आणि तेच नवरे बाबांसमोर मान खाली घालून उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, माझे बाबा न्यायाधीश आहेत.

बहिणीचं लग्न राळेगावकडच्या एका घरात जमलं. मुलगा चांगला होता, अजूनही आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुलाला वडील नव्हते आणि त्या घरात चालायचं त्याच्या मोठ्या काकाचं. उंचापुरा, मिशीला पीळ, दर दुसऱ्या वाक्यात ‘आमच्या खानदानीत’. नवरदेवाच्या बापाच्या जागी तोच उभा राहिला, म्हणजे आमचा याही तोच. दुसरीकडे ज्याला व्याही म्हणतात त्याला आम्ही याही म्हणतो. पुढेही मी त्याला याहीच म्हणणार आहे. दुसरं जे म्हणावंसं वाटतं ते छापण्यासारखं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. वरात आली, डीजेचा आवाज कानावर पडला, की नवरीच्या बापानं हार घेऊन मांडवाच्या दाराशी उभं राहायचं. नवरदेव दारात येईस्तोवर बसायचं नाही आणि पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. कुणी काढली ही रीत, कोण जाणे. छप्पन साली माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, उपासतापास गेले, मुहूर्त गेला. ही एवढी मात्र सोडायची राहून गेली. त्यात गंमत अशी, की मुहूर्त सोडल्यामुळे वरातीला घड्याळच उरलं नाही. पत्रिकेवर अकरा छापायचं आणि लग्न लागायचं दोनला, अडीचला. तोवर बाप दारात उभा. बाबांनी कितीतरी लग्नं लावली, कितीतरी बाप असे उभे राहिलेले पाहिले, पण हे बंद करा असं त्यांनाही कधी सुचलं नाही, आणि मलाही नाही.

त्या दिवशी वरात बाराच्या आत वस्तीच्या तोंडाशी आली. बाबा पांढराशुभ्र शर्ट घालून दाराशी गेले. मांडवाचं कापड तिथपर्यंत पुरलं नव्हतं, वर उघडं ऊन. वरात डोळ्यांना दिसत होती, पण पुढे सरकेल तर शपथ. डीजेच्या गाडीसमोर याही स्वतः रुमाल फिरवत नाचत होता. पोरं दमली की हाच नवीन गाणं लावायला लावायचा. माझ्या नवऱ्यानं जाऊन हात जोडले, तर म्हणाला, नवरदेवाची वरात आहे, मयत नाही, येईल सावकाश. एकदा तर अगदी दाराजवळ आली आणि ह्या माणसानं गाडी उलटी फिरवून पूर्ण वस्तीला दुसरा फेरा घातला. मी बाबांना खुर्ची नेऊन दिली, त्यांनी हातानंच परत पाठवली. पाणी नेलं, तेही नको. आता येऊनच राहिली, म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एव्हाना घामाचा टिपूस नव्हता. मला वाटलं, चला, सोसतंय त्यांना. घाम बंद झाला की माणूस संपत आलेला असतो, हे मला नंतर दवाखान्यात कळलं.

वरात दारात आली तेव्हा दोन वाजून गेले होते. बाबांनी हार उचलला आणि नवरदेवाला सोडून शेजारच्या खांबाला घालायला लागले. काहीतरी बोलले, पण जीभ लुळी, शब्द एकमेकांत गुंतलेले. मग भडाभडा ओकले आणि खाली पडले. सगळा मांडव उठून उभा राहिला. आणि त्या सगळ्यांच्या देखत, मिशीवरून हात फिरवत, याही हसून म्हणाला,

“लग्न लावणारे बुवा सकायपासूनच टाकून बसले वाटते.”

लोक हसले. सगळे नाही हसले, पण जे हसले त्यांचे चेहरे मला आजही पाठ आहेत.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. बाबांचा जीव वाचला, बोलणं मात्र पहिल्यासारखं झालं नाही. शब्द ओढत, अडखळत येतात, नव्या माणसाला वाटावं की घेऊन बसले आहेत. दवाखान्याचा कागद आमच्याकडे होता, पण कागद कपाटात राहतो आणि बोलणं चारचौघांत ऐकू येतं. लग्नाची बोलावणी बंद झाली. काहींनी आवाज गेला म्हणून बोलावलं नाही, तेवढं मी समजू शकते. पण बाहेर पसरलं ते याह्याचं वाक्य. स्वतःच्या पोरीच्या लग्नात पिऊन पडले म्हणे. वस्तीतले जे नवरे बाबांसमोर मान वर करत नव्हते ते आता बायकांना सांगायला लागले, त्या बुवाचं नाव आमच्यासमोर काढू नको. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि बाबा गप्प. उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं की लोकांना तोच पुरावा.

म्हणून ते पान सापडलं तेव्हा मला वाटलं, आता बघते. बहिणीच्या मुलाचं बारसं होतं राळेगावला. सगळे जमलेले. मी पर्समधून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि याह्यासमोर धरला. म्हटलं, मामाजी, हे वाचा, त्या दिवशीचं ऊन. बहिणीच्या सासऱ्याच्या जागी होता, म्हणून तोंडावर मामाजीच म्हणायचे. त्यानं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि परत दिला.

“हे तं यवतमायचं आहे,” तो म्हणाला. “लोहाऱ्यात त्या दिवशी आभाय होतं. मी तीन घंटे नाचलो, मले काहून नाही लागलं ऊन?”

लोहारा काय दुसऱ्या मुलखात आहे? यवतमाळच्या दाराशी पडलेलं गाव. पण आजूबाजूच्या माणसांनी माना डोलावल्या, आणि एक जण तर म्हणाला की हो, थोडं ढगाळच होतं. त्याच्याच घरचं खाऊन तोंड पुसत होता मेला. मी पुढे बोलणार तेवढ्यात बहिणीनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. ती रडत होती. म्हणाली, “ताई, तू जाशीन घरी. मले अठीच राहा लागते.” तिच्यासाठी मी तोंड मिटलं. पण त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. कागदानं काही होत नाही. हे त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे. ऊन होतं, आणि बाबा प्यालेले नव्हते. एवढंच, पण लोकांसमोर.

पुढे काही वर्षं गेली. माझ्या दिरासाठी मुली बघणं चाललं होतं आणि एक दिवस मध्यस्थानं स्थळ आणलं ते याह्याच्याच मुलीचं. सासूबाईंनी घाबरत घाबरत माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, ही आता ताट उधळते. मी म्हटलं, मुलगी शिकलेली आहे, शांत आहे, करून टाका. सासूबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, किती मोठ्या मनाची सून म्हणून. मी मान खाली घातली ती लाजून नाही. मला हसू आवरत नव्हतं. हा माणूस आता नवरीचा बाप होणार होता, आणि वरात आमची असणार होती.

त्यांना लग्न थंडीत हवं होतं. मेमध्ये मीच नेलं. सगळ्यांना सुट्ट्या असतात, पाहुणे येतात, असं दहा तऱ्हांनी पटवलं. नवऱ्यानं एकदा विचारलं, मेच काहून? मी म्हटलं, सुट्ट्या असतात. तो उठून बाहेर निघून गेला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात शेतकऱ्यांना पाऊस सांगता सांगता मी स्वतःसाठी ऊन बघत होते. रोज बघायचे. कुठं एखादा ढग येतो की काय, ह्या धाकानं माझा जीव टांगणीला लागला होता. नाही आला.

लग्न त्यांच्या गावी. बाबांना मी नेलं नाही, ते लग्नांना जाणं सोडून बसले होते. वरात शाळेजवळून निघाली. डीजेवाल्याला मी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, मी हात वर केल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. लांबून याही दिसत होता. क्रीम रंगाचा सफारी, डोक्याला फेटा, हातात हार, डोक्यावर उघडं ऊन. आणि मग मी नाचले. मी जन्मात कधी नाचले नव्हते, स्वतःच्या लग्नातही नाही. त्या दिवशी नऊवारीचा काचा मारून डीजेसमोर अशी नाचले, की आमच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. घामानं पोलकं अंगाला चिकटलं, डांबर चपलांतून पोळत होतं, पण मला थंडगार वाटत होतं. डीजेची गाडी दाराजवळ गेली की मी ती मागे फिरवायची. दोनदा फिरवली. नवरदेव, माझा दीर, घामानं निथळत त्याच्या गाडीतून वाकून म्हणाला, वहिनी, पुरे कर न, मले चक्कर येऊन राह्यली. मी त्याच्या हातात थंड पाण्याची बाटली दिली आणि डीजेवाल्याला म्हटलं, अजून एक लाव.

याह्याच्या घरचं कुणीतरी त्याला खुर्ची घेऊन आलं. त्यानं नको म्हटलं. पाण्याचंही तेच. खानदानी ना. मी नाचता नाचता सगळं बघत होते. मग तो एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागला. मग मांडवाचा खांब धरला. फेटा घसरून कानावर आला तरी त्यानं तो सारखा केला नाही. आमच्याच वरातीतला एक टवाळ त्याच्याकडे बोट दाखवून ओरडला की याहीबुवानं सकाळीच घेतली वाटते, आणि पोरं खिदळली. हे मी शिकवलेलं नव्हतं. आईशप्पथ नाही. पण ऐकलं आणि माझ्या पोटात इतक्या वर्षांचं जे काही होतं ते एकदम खाली बसलं. मी हात वर केला. डीजे बंद झाला.

मांडवाच्या कडेला पाण्याचे जार ठेवले होते. मी एक ग्लास भरला आणि याह्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं ग्लासकडे हात केला. मी ग्लास मागे घेतला.

“पहिले सांगा, मामाजी. त्या दिवशी ऊन होतं का आभाय?”

आधी त्याला कळलंच नाही, आणि मग कळलं. डोळ्यांत दिसलं मला. मांडवाच्या दारात त्याची मुलगी, नवरी, मैत्रिणींच्या पुढे येऊन उभी होती. मी तिला पाहिलं आणि ग्लास तसाच धरून ठेवला.

“ऊन होतं,” तो म्हणाला. आवाज खरखरीत, शब्द जड.

“आन् माहे बाबा पेले होते?”

“नाही,” तो म्हणाला. “नव्हते पेले.”

जवळच्या सगळ्यांनी ऐकलं. ह्याचे भाऊबंद होते, आमचे लोक होते, बारशाच्या दिवशी ढग बघणारा तोंडपुसाही होता. मग मी पाणी दिलं. तो गटागटा प्यायला, अर्धं सफारीवर सांडलं. त्याला सावलीत नेलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला, संध्याकाळपर्यंत तो उठून बसला आणि पंगतीत वांग्याची भाजीही जेवला. त्याला काही झालं नाही. एवढं सांगून ठेवते, कारण काही जण मला अजून खुनी असल्यासारखं बघतात. बहीण मात्र त्या संध्याकाळी माझ्याजवळ आली, माझा हात दाबला आणि कामाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लोहाऱ्याला गेले. मला वाटेत धीर निघत नव्हता. बाबा ओसरीत बाजेवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. तो कसा उभा होता, काय बोलला, किती लोकांनी ऐकलं. म्हटलं, बाबा, त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आता कुणी काही म्हणून दाखवावं. मला वाटलं होतं ते रडतील, नाहीतर मला जवळ घेतील. ते ऐकत राहिले. मग विचारलं,

“तो... बरा आहे?”

मी हो म्हटलं. ते थोडा वेळ शब्द जुळवत राहिले. मी मदत केली नाही, त्यांना ते आवडत नाही.

“पाणी... पहिले देल्लं... का मंग?”

ज्या माणसानं हजारो लोकांना खोटं न बोलण्याचं शील दिलं तो माझ्याकडे बघत होता. अंगणात ऊन चढत होतं.

“पहिले पाणी देल्लं, बाबा,” मी म्हटलं. “मंगच विचारलं.”

“मंग बरं,” बाबा म्हणाले, आणि हसले. बहिणीच्या लग्नानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

आता ते परत लोकांत बसतात. दोन-चार जण त्यांना पुन्हा बोलवायलाही लागले आहेत, लग्न लावायला नाही, पण आशीर्वाद द्यायला. आणि आल्या-गेल्या प्रत्येकाला ते ओढत, अडखळत, न थकता सांगतात की याह्याला ऊन लागलं होतं, तर माझ्या पोरीनं वैर बाजूला ठेवून पहिले त्याला पाणी पाजलं. बाबांचा शब्द आहे, त्यामुळे लोक मान डोलावतात. मीही शेजारी बसून डोलावते. मागच्या महिन्यात मी माझ्या जावेला, याह्याच्या मुलीला, बाबांच्या पाया पडायला लोहाऱ्याला घेऊन गेले होते. बाबांनी तिला प्रेमानं समोर बसवलं आणि तीच गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, तिच्या बापाला आधी पाणी कसं मिळालं ते. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “हाव बाबा. मी दारातच होती न.”